आवळ्यापासून सुरू करू या का?

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. चिपळूणच्या आमच्या घरात फोन स्वयंपाकघराच्या दाराशीच आहे, त्यामुळे पातेलं खाली न ठेवताच मी तो उचलला. रत्नागिरीहून विनायकभावजी बोलत होते, ह्यांचे धाकटे भाऊ. "वहिनी, नलू गेली. सकाळी फुलं काढायला अंगणात गेली ती तिथंच पडली..." मी म्हटलं, "बरं." नुसतं "बरं". फोन ठेवला, पेज गाळली, आमटीला फोडणी दिली, सगळ्यावर झाकणं घातली आणि मग बाहेर येऊन ह्यांना सांगितलं. धाकटी जाऊ गेल्याचं कळल्यावर आमटीला फोडणी देणारी ही बाई कसली, असं कुणालाही वाटेल. मलाही आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही. रत्नागिरीच्या गाडीत बसल्यावर सबंध रस्ताभर माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं, की मोहरी जरा करपली का.

त्याला आता काही आठवडे झाले. दिवसकार्य झालं, मुंबईचे पाहुणे मुंबईला गेले. भेटायला येणाऱ्या बायका सांगतात, "मोकळ्या व्हा, रडून घ्या." मी मान डोलावते. रडू येत नाही त्याला मी तरी काय करू? दात काढल्यावर गाल कसा होतो, तसं आत झालंय. बोट लावलं तर आपलाच आहे एवढं कळतं, बाकी काही नाही. अशातच या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला, की नलिनीताईंवर लिहा, अगदी सुरुवातीपासून लिहा. नलूबद्दल आणि सुरुवातीपासून! ती असती तर खो खो हसली असती. कारण जन्मात तिनं कुठली गोष्ट सुरुवातीपासून केली असेल तर शपथ.

लग्न होऊन आली त्याच आठवड्यातली गोष्ट. पानं वाढली, वरणभात वाढला, तूप वाढलं, आणि ही नवी नवरी सासूबाईंकडे बघून म्हणते, "मला आधी ताकभात चालेल का?" सासूबाईंचा डाव हातातच राहिला. "अगो, ताकभात शेवटी खातात." "हो ना. पण शेवटी मला भूक नसते आणि ताकभात तर मला सगळ्यात जास्त आवडतो." पुढे सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, "आमची धाकटी सून उलटी जेवत्ये." नलू वर्तमानपत्र आतल्या पानापासून वाचायची, कादंबरी मधूनच उघडायची आणि आवडली तर मागे जायची. मी पडले गणिताची मास्तरीण. चिपळूणच्या शाळेत जन्म गेला. बेरीज आली नाही तर गुणाकार नाही, गुणाकार आला नाही तर अपूर्णांक नाही, हे माझं रक्तच. आम्हा दोघी जावांचं भांडण या एकाच गोष्टीवरून व्हायचं आणि ते आयुष्यभर पुरलं. दुसऱ्या कशावरून भांडायला वेळच झाला नाही.

नलू रत्नागिरीतल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला तिच्या घरी कॉम्प्युटर आला आणि पुढे दोनेक वर्षांत फोनच्या तारेवरून इंटरनेट. ते चालू होताना कुणी मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखा आवाज यायचा. एका शिक्षणसंस्थेनं तेव्हा घरबसल्या शिकण्याचे अभ्यासक्रम इंटरनेटवर काढायचं ठरवलं होतं. त्यांनी नलूला फळप्रक्रियेचा अभ्यासक्रम करायला दिला. सरबतं, मुरांबे, आंब्याफणसाच्या पोळ्या, लोणची. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांनी जवळच्या सायबर कॅफेत जायचं, तिथं पानं वाचायची, शंका लिहून पाठवायच्या आणि अधूनमधून रत्नागिरीला येऊन भेटायचं. नलूनं पहिल्यांदा अभ्यासक्रम केला तो माझ्या पद्धतीनं, एकाखाली एक. धडा पहिला आंबा. फळांचा राजा, त्याला सोडून दुसरं कोण पहिलं बसणार? आणि धड्याची परीक्षा दिल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही, त्याला कुलूप. मी म्हटलं, "शाब्बास. आता खरी मास्तरीण शोभतेस."

अभ्यासक्रम सुरू झाला जुलैत. जुलैत आंबा! आम्ही दोघी जन्मानं, लग्नानं, खाण्यापिण्यानं इथल्या, घरासमोर कलमं उभी, आणि आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही, की जुलैत आंबा आणायचा कुठून? पुस्तक लिहायला बसलं की माणूस अंगणात बघायचं विसरतो. संस्थेतल्याही कुणाला सुचलं नाही. बायका बिचाऱ्या पहिल्या धड्याच्या कुलपापाशी खोळंबून राहिल्या. अलोऱ्याच्या कॉलनीतल्या एका बाईंनी तर बाजारातून रसाचा डबा विकत आणला, फोडला, तो रस पुन्हा उकळून आपल्या बाटलीत भरला आणि परीक्षेला आणून ठेवला. नलूनं चाखून बघितला, बाईंना पास केलं आणि घरी येऊन कॉटवर पालथी पडून हसत राहिली. मग उठून म्हणाली, "वहिनी, हे कुलूप मला काढायला हवं."

मला वाटलं, आंब्याच्या जागी दुसरं काही घालेल, मोसमाप्रमाणे क्रम लावेल. पण तिच्या डोक्यात क्रमच नको होता. ती म्हणाली, ज्याच्या दारात जे फळ आहे त्यानं तिथून शिरावं. ज्याला आधी धंद्याचं गणित कळायला हवं त्यानं तिथून. कुणाला सगळं करायचं नसेल तर नको, जे करील त्यात पक्कं करावं म्हणजे झालं. परीक्षाही ज्याला जशी झेपेल तशी, कुणी लिहून द्यावी, कुणी बाटली आणून दाखवावी, कुणी समोर बसून तोंडी सांगावं. संस्थेचे लोक याला काहीतरी इंग्रजी नाव द्यायचे. नलू म्हणायची 'बिनरांगेचा अभ्यासक्रम'.

"अगं, टक्केवारी कळल्याशिवाय साखरेचं प्रमाण कसं कळेल?" मी म्हटलं. टक्केवारीचं पान मीच लिहिलं होतं आणि ते दुसरं असावं अशी माझी इच्छा होती. तेव्हा तिनं मला ते सांगितलं, जे इतकी वर्षं एकाच घरच्या सुना असून मला ठाऊक नव्हतं. मॅट्रिकला ती बीजगणितात नापास झाली होती आणि दोन वर्षं घरी बसली होती. "वहिनी, बाकी सगळ्या विषयांत बरी होते मी. पण वाटेत हे आडवं पडलेलं. त्याच्या पलीकडे जीवशास्त्र आहे, मला ते इतकं आवडणार आहे, हे मला अलीकडून दिसतसुद्धा नव्हतं. वडील म्हणाले, बस झालं शिक्षण. आत्यानं हट्ट धरला म्हणून पुन्हा बसले. ज्यांना आत्या नाही त्यांचं काय?" तिच्या मॅट्रिकच्या वर्षी मी शाळेत बीजगणितच शिकवत होते, चिपळुणात, दुसऱ्याच मुलींना.

मग मागच्या पडवीचं जे झालं ते रत्नागिरीत पुष्कळांनी पाहिलंय. पावसाळ्यात कपडे वाळत घालायच्या दोऱ्या असतात ना, तशा दोऱ्या तिनं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधल्या आणि अभ्यासक्रमाचं एकेक पान पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहून चिमट्यानं टांगलं. कार्डाच्या तळाशी लिहिलेलं असायचं, इथून कुठेकुठे जाता येईल. कोकमाच्या कार्डावरून मिठाकडे, मिठावरून लोणच्याकडे किंवा बाटल्यांकडे. रोज ती कार्डं हलवायची. भावजी मुकाट्यानं वाकून खालून जायचे, त्यांचे पंचे आणि बनियन अंगणातल्या काठीवर गेले ते कायमचे. नियम एकच होता: कुठलंही पान आधी उघडलं तरी ते पोरकं वाटता कामा नये. म्हणून बाटल्या उकळून घेण्याची सूचना प्रत्येक कार्डावर पुन्हापुन्हा. मी म्हटलं, "किती गं तेच ते?" तर म्हणे, "मीठ सगळ्या भाज्यांत घालता ना? की एकीत घातलं म्हणून दुसरी अळणी ठेवता?"

संस्थेनं तिला एक वर्ष दिलं. त्या वर्षात निम्म्याअधिक बायकांनी अभ्यासक्रम पुरा केला नाही तर पुन्हा कुलपं लागतील, असं सरळ सांगितलं. आणि झालं काय? पहिल्या महिन्यात कुणी काही सुरूच केलं नाही. बायका यायच्या, मुख्य पान उघडायच्या, त्यावर फळांची चित्रं गोल मांडलेली, हवं त्यावर बोट ठेवा... आणि पान बंद करून जायच्या. कॉम्प्युटरवर हे सगळं दिसायचं. नलू रोज संध्याकाळी वीज आली की बसायची आणि बघायची, आज कोण येऊन परत गेलं. निरोप यायचा तो एकच: "बाई, कुठून सुरू करू?" ती उत्तर द्यायची नाही. मी म्हणायचे, "सांगून टाक ना एकदा." तर नुसती हसायची, तोंड मिटून. पण चेहरा उतरलेला असायचा. जेवणात मन नसायचं, ताकभातसुद्धा तसाच पानात राहायचा.

मग पुढच्या भेटीच्या दिवशी, मी तिथंच होते, जयगडच्या बाजूची सुरेखा आली. नवरा मुंबईला, घरी सासू, दोन आवळ्याची झाडं. अभ्यास सुरू केलेली ती पहिलीच बाई. नलूनं विचारलं, "आवळाच का गो निवडलास?" सुरेखा लाजत म्हणाली, "बाई, मला काय ठरवता येयना. मग देवलात कौल लावला. गुरवान गाऱ्हाणा घातलान. इचारलं, आवल्यापासून करू काय गो माये? देवीन उजवा दिलान."

जमलेल्या बायका हसल्या. मीही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इंटरनेटवरचा अभ्यासक्रम आणि कौल! देवीच्या अंगावर पाण्यानं कळ्या चिकटवायच्या, उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही, हे आमच्याकडे लग्न ठरवायला, विहीर खणायला चालतं. मुरांब्याला चाललेलं मी पहिल्यांदा पाहिलं. नलू मात्र हसली नाही. जेवायच्या सुट्टीत मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, तिनं काय विचारलंन्, ऐकलंत? कुठून करू असं नाही विचारलंन्. आवळ्यापासून करू का, असं विचारलंन्. म्हणजे निवड तिचीच. देवीकडे फक्त धीर मागितलान." आणि मग, "मी यांच्यापुढे एकदम अकरा दारं उघडून ठेवली आणि धीर द्यायला विसरले."

त्या आठवड्यात तिनं मुख्य पान बदललं. चित्रांचा गोल काढून टाकला. आता नवीन बाई आली, की पान आधी विचारणार, तुम्हाला घरात ज्या नावानं हाक मारतात ते नाव लिहा. मग त्या महिन्यात जे फळ दारात असेल ते धरून एकच प्रश्न: 'सुरेखा, आवळ्यापासून सुरू करू या का?' खाली दोन बटणं. 'हो' आणि 'नको, दुसरं दाखव'. दुसरं दाखवलं की पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा दोन बटणं. कितीही वेळा नको म्हणा, पान रागावत नसे. बस, एवढंच. आणि बायका सुरू झाल्या. हो म्हणणाऱ्या निघाल्या तशा चारचारदा नको म्हणून पाचव्याला हो म्हणणाऱ्याही निघाल्या. आत शिरल्यावर मात्र कुणी रांगेत चाललं नाही. कुणी फणसपोळीवरून थेट परवान्याच्या पानावर, कुणी करवंदावरून हिशेबाच्या.

माझ्या टक्केवारीच्या पानावर बरेच दिवस कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. एक दिवस चिपळूणला फोन आला, "वहिनी, तुमच्या दारात गिऱ्हाईक आलंय." विकतचा रस पास करून घेणाऱ्या त्याच अलोऱ्याच्या बाई. त्यांनी कोकमाचं सरबत केलं होतं, साखर अंदाजानं घातली, आणि ते आंबून बाटल्यांची बुचं फटाफट उडाली. कॉलनीतल्या शेजाऱ्यांना वाटलं, कुणाच्या घरी मुलगा झाला. बाई तडक टक्केवारीच्या पानावर गेल्या, दोनदा वाचलं, आणि तिसऱ्या दिवशी मला फोन करून पुढचं गणित विचारत होत्या. इतकी भुकेली विद्यार्थिनी मला शाळेतल्या सगळ्या वर्षांत भेटली नाही. नलूनं त्यावरून मला कधी चिडवलं नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

त्या वर्षी निम्म्याहून जास्त बायकांनी अभ्यासक्रम पुरा केला आणि तो कुलपांपासून वाचला. पुढच्या वर्षी पुन्हा प्रश्न आला, पुन्हा वाचला. दरवर्षी संस्थेतलं कुणी ना कुणी म्हणायचं, जरा क्रम लावला तर आम्हाला सोपं जाईल, आणि दरवर्षी नलू म्हणायची, तुम्हाला जाईल. ती भांडायची नाही. नुसती जागची हलायची नाही.

तिला शेवटचं भेटले ती दिवाळीत. मी फराळाचे डबे घेऊन गेले तर ही पडवीत स्टुलावर उभी, तोंडात चिमटे, हातात जांभळाचं कार्ड. "जांभळाला कुठे पाठवू कळत नाही," म्हणाली. मी म्हटलं, "आधी खाली उतर. पडशील." ती उतरली, माझ्या हातची चकली खाल्ली, मऊ पडलीय म्हणाली. पडली होतीच. मग चहा झाला, आम्ही निघालो. एवढंच. शेवटची म्हणून लक्षात ठेवण्यासारखं त्या भेटीत काही नव्हतं. मी ती मऊ चकली धरून बसलेय.

परवा संस्थेतून एका गृहस्थांचा फोन आला. भला माणूस, नलूबद्दल खरंच आदरानं बोलला. म्हणाले, "बाई, अभ्यासक्रम बंद करायचा नाही. पण नलिनीताईंसारखं सांभाळणारं आता कोण आहे? तुम्ही गणिताच्या, तुम्हाला शिस्त आहे. तेवढी पानं ओळीनं लावून द्या. धडा एक, धडा दोन. कुलपं आम्ही घालू." मी म्हटलं, "बरं." पुन्हा तेच 'बरं'. मनात आलं, इतकी वर्षं जे म्हणत होते ते आता माझ्या हातात आलं. पण ना आनंद झाला, ना वाईट वाटलं. कार्डं उतरवून ओळीनं लावायला म्हणून गाडी पकडून रत्नागिरीला गेले.

भावजींनी पडवीचं दार उघडलं. कार्डं होती तशीच टांगलेली, जांभूळही. वाऱ्यानं हलत होती. भावजी चिमट्यांसाठी टोपली घेऊन आले, माझ्या शेजारी उभे राहिले. नलू गेल्यापासून हा माणूस फारसं बोलला नव्हता. कार्डांकडे बघत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाले, "वहिनी, कुठून सुरू करू?"

मी तोंड उघडलं. पहिल्यापासून, असं म्हणायला उघडलं. पण पहिलं कुठलं? बघितलं तर कुठलंच नव्हतं. आंबा मधेच कुठेतरी, माझी टक्केवारी कोपऱ्यात, मीठ प्रत्येकाच्या जवळ. इतक्या वर्षांत मी त्या दोऱ्यांखालून वाकून गेले होते, उभी राहून पाहिल्या नव्हत्या. एक कार्ड काढलं असतं तर त्याच्यावर बोट दाखवणारी चार कार्डं अधांतरी राहिली असती. मी म्हटलं, "काढायचीच नाहीत, भावजी. टोपली ठेवा." ते म्हणाले, "मग संस्थेला काय सांगायचं?" मी म्हटलं, "सांगते. निरोपांची उत्तरं मी देईन म्हणून सांगते. मास्तरणीला काय, उत्तरं द्यायची सवयच आहे." त्यांनी टोपली ठेवली. "तुम्हाला ते कॉम्प्युटरवरचं जमेल?" असं जरा भीतभीतच विचारलं. जमेल की नाही मला ठाऊक नव्हतं. मी सगळी पानं पुठ्ठ्यावर वाचली होती, तिच्याशी भांडायला. विद्यार्थिनी म्हणून आत कधी गेलेच नव्हते.

"मग आधी नाव घाला," म्हणून भावजी मला आतल्या खोलीत घेऊन गेले. नलूच्या खुर्चीत मला बसवलंनी. मला टंकता येत नाही, म्हणून ते शेजारी उभं राहून एकेक अक्षर शोधत राहिले. कुठलं नाव घालायचं ते मी सांगितलं नव्हतं. पान विचारत होतं, घरात ज्या नावानं हाक मारतात ते लिहा. त्यांनी ते लिहिलं आणि बटण दाबलं. पान उघडायला वेळ लागला, तिथं नेहमीच लागतो. आवाज झाला, रेघ सरकली, मग वरून हळूहळू अक्षरं दिसायला लागली.

'वहिनी, आवळ्यापासून सुरू करू या का?'

त्या घरात मला वहिनी म्हणणारी दोनच माणसं. एक माझ्या शेजारी उभं होतं, आणि ते काही बोललेलं नव्हतं... मला रडू आलं. फार आलं. भावजी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ तिकडेच राहिले. अक्षरं तशीच होती, खाली दोन बटणं, कितीही वेळ थांबलं तरी न रागावणारी. मी पदरानं डोळे पुसले, चष्मा घातला आणि 'हो' दाबलं.